दारावरची हवा

चौसष्ट सालच्या एप्रिलची पहिली तारीख. व्हाइटहॉल.
विल्फ्रेड टॅन्सली रंगाऱ्याला निरोप आला:
दारावरचं हवाई खातं खरवडून टाक.
त्याला वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय.

पहिली अक्षरं त्याच्या बापाची,
विमानं लाकडाकापडाची होती तेव्हाची.
हवेचं खातं हवं की नको,
हेच वर्षानुवर्षं ठरत नव्हतं.
"सोनेरी नको," बाप म्हणालेला, "पुसायला जड जातं."

मग मंत्री आले, गेले.
एकाने, खिडक्यांना काळे पडदे असताना,
पहाटे तीनला टॅन्सलीकडेच काडी मागितली,
आणि न पेटवताच विचारलं,
"किती परतली असतील रे?"
टॅन्सलीच्या हातात तेव्हा बादली होती.
ती त्याने उगाच या हातातून त्या हातात घेतली.

आता पात्याखाली थर सुटतात:
एका आडनावाची शेपटी,
दुसऱ्याचं नुसतंच टिंब,
आणि तळाशी
बापाचा पांढरा हात.

पलीकडे संरक्षण खात्याचं मोठं दार आहे म्हणे,
तिथे सगळे मावतात.

फरशीवरचा भुगा त्याने फुंकला.
थोडा उडाला.
बाकीचा केरसुणीने भरावा लागला.