चार सेकंद

रोज सकाळी चहाआधी अर्दलानला फोन.
"आज मी कुठे आहे रे?"
"आज हेलसिंकी, फरंगीस-खानम. रॉटरडॅम काल फार मंद होतं."
महिन्याचे पैसे घेऊन तो मला देशाबाहेर ठेवतो
खुर्चीवरून न उठवता.

मग दिवसभर पडद्यावर
फिनलंडचं हवामान, बर्फ उपसायच्या फावड्यांच्या जाहिराती,
आणि खिडकीबाहेर केरमानशाह:
तांदळाच्या पिठाच्या बिस्किटांचा वास,
खालच्या मजल्यावर वेल्डिंग.

नाव नोंदवताना देशांची यादी उघडली होती.
इंडोनेशिया झाला की थेट इराक.
मधली ओळ कुणी खोडलेली नव्हती;
खोडायला ती आधी लिहावी लागते.
तेव्हा आतेबहिणीचा पत्ता दिला, कार्डही तिचंच,
वर्षाचे पैसे आगाऊ.

मंगळवारी वीज गेली, आली.
मोडेम आधी जागा झाला, अर्दलानची करामत मागून.
मधले चार सेकंद
मी माझ्या घरी होते.

तेवढं पुरलं.

पत्र सभ्य होतं. लागू निर्बंधांनुसार खातं बंद,
उरलेले पैसे परत करणंही
त्याच निर्बंधांत बसत नाही.
खाली: आमची सेवा कशी वाटली? एक ते पाच तारे द्या.
मी चार दिले. प्रोग्रॅम चांगला होता, खोटं कशाला बोलू.
तारे पोचले नाहीत.
ही सुविधा आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.

आई म्हणाली, सुक्याबरोबर ओलंही जळतं.
अगं, पण यात सुकं कोण होतं ते तरी कळू दे.
आठ महिने मी एका शाळेचा जिना काढत होते,
भूकंपात जुन्या जिन्याने दगा दिला त्या गावातला.
सगळ्या नकाशात धोकादायक म्हणावा असा एक कठडा,
तोही पोरी घसरगुंडी करतात म्हणून.

अर्दलान आला, मान खाली.
"उद्यापासून सिंगापूर? नवं नाव घेऊ?"
नाव मिळेल रे.
नकाशे जुन्या नावाच्या कुलपात आहेत.

परवा त्यालाच घेऊन गावी गेले.
टेपचं एक टोक त्याच्याकडे, दुसरं माझ्याकडे.
पहिला टप्पा बांधून झालाय, तो मोजता येतो:
सोळा, सोळा, सोळा, मध्येच एक साडेसतरा.
दोघंही हसलो, उस्ता यदुल्ला रागावला.
आकडे बिस्किटांच्या खोक्यावर लिहून आणले.

वरच्या वळणाची तुळई मात्र अजून हवेत आहे.
तिच्यात सळया सहा.
बहुधा सहा.
दोनदा बदलल्या होत्या मी,
शेवटचा बदल कुठल्या रात्री केला,
त्या रात्री मी कुठल्या देशात होते,
आठवत नाही.

उस्ता फोनवर थांबलाय.
थांब म्हटलं, पुन्हा गणित मांडते,
आणि पेन्सिलीला टोक करत बसले.
शनिवारी काँक्रीट येणार आहे.