पहिला धडा

जावयानं पुण्याहून पाठवलेला खोका
ईरण्णानं दाढीच्या ब्लेडनं उघडला.
थर्माकोलात प्लास्टिक, प्लास्टिकात हे पातळ यंत्र,
मांड्याची घडी असावी तसं मिटलेलं.
“अक्का, चालू करूलालोय बघा.”

आधी भाषा विचारली.
मग देश.
भारत, म्हटलं, आणि बोट उचलून थांबले
पुढच्या प्रश्नासाठी,
जो रेशनकार्डापासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत
इथं कुणाला चुकलेला नाही.
तो आलाच नाही.
वेळ तेवढी विचारली:
चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली,
चौघींची मिळून एक.
मुंबई आहे, बेंगळुरू नाही.
मी गालातल्या गालात हसले, तर हा वायर सोलता सोलता म्हणतो,
“बेंगळुरूचं घड्याळ आमच्यात तरी कुठं चालतंय, अक्का?”

वायर शहापूरच्या खांबावरून निघाली,
हिरेमठांच्या पत्र्यावरून, शेवग्याच्या फांदीतून.
गंगव्वाच्या वाळत्या लुगड्याला अडली.
ती कन्नडात करवादली,
आणि करवादतच काठीनं वायर वर धरून उभी राहिली
खिळा ठोकून होईस्तोवर.

दोन शिंगांचा डबा कुठं ठेवायचा?
भिंतीपाशी रेमिंग्टन आहे, क्लासातली शेवटची,
बाकीच्या अकरा भंगारात गेल्या, वजनावर.
तिच्याच डोक्यावर ठेवला.
हिरवा दिवा लागला.
स्वयंपाकघरात पाच रेघा, माजघरात एक,
देवघरात काहीच नाही. असू दे.

हवेत आधीच किती घरं होती!
बसवकृपा. सातेरी. मुल्ला ब्रदर्स. डिसोजा वरचा मजला.
एकाचं नाव नुसतंच ‘विचारू नका’.
प्रत्येकापुढं एक इवलं कुलूप.
गल्लीत चाळीस वर्षं राहून
मला ही कुलपं ठाऊक नव्हती.

मग अँटीव्हायरसचं कार्ड.
रुपयाच्या नाण्यानं चंदेरी पट्टी खरवडली,
खाली पंचवीस अक्षरं.
ईरण्णा वाचत गेला, मी त्याच्या तोंडाकडं बघत उतरवत गेले.
तो मधेच थांबला. “न बघता?”
न बघताच शिकवलंय रे,
पहाटे मराठी, संध्याकाळी कन्नड, मधल्या वेळी इंग्रजी,
पोरांच्या हातांवर रुमाल टाकून.
तुझ्या तहसीलदार कचेरीतली निम्मी बोटं
या खोलीतनं गेलीत.

तपासणी सुरू झाली.
कोऱ्या यंत्रात काय मिळणार? तरी ते
एकेक फाईल हुंगत गेलं.
कोगनोळीच्या नाक्यावर, साथीच्या साली,
आमची गाडी चार तास उभी होती.
इथं दोन लाख फायली
माझा चहा उकळेपर्यंत सुटल्या.
धोका: शून्य.
“आतु,” म्हणाला ईरण्णा, आणि बशीत चहा ओतला.

राहिला होता पासवर्ड.
जावयानं फोनवर बजावलेलं: अवघड ठेवा,
वाढदिवस नको, नाव नको, कुणाला सांगू नका.
मी हात ठेवले, आणि बोटं आपणहून गेली
जिथं ती पहिल्या दिवशी सगळ्यांचीच जातात:
ए एस डी एफ जी एफ,
सेमीकोलन एल के जे एच जे.
लाल पट्टी उमटली. कमकुवत.

खरंच आहे.
शहापूर, वडगाव, खासबागपर्यंत
तीन हजार माणसांना पाठ असलेली ओळ
कसली बळकट असणार.
तरी तेच ठेवलं.

ईरण्णा गेला. दिवेलागणीला
काचेच्या कोपऱ्यात एक चौकट वर आली:
नवीन उपकरण जोडले गेले आहे. ओळखता का?
मी खिडकीतून पाहिलं.
शेवग्याखाली गंगव्वाची सून, हातात फोन, शेजारी पोरगी,
आज पीयूसीचा निकाल.
सून माझी ब्याण्णवच्या बॅचची. अनामिका नेहमी घसरायची.
मला विचारलं नव्हतं तिनं.
विचारायचं काय होतं?

चौकट अजून थांबली होती.
चहाची भांडी विसळून आले, तरी थांबलेली.