सगोत्र

टाकीला तडा गेला तो खराडीतल्या बँक्वेट हॉलमध्ये,
रात्री पावणेदोनला,
अर्धा गालिचा अजून बाकी असताना.
तपकिरी पाणी माझ्या चपलांतून चाललं
आणि सुदाम म्हणाला, ताई, एम-सील.
सुदाम सगळ्यालाच एम-सील म्हणतो,
गळक्या नळाला, तुटक्या आरशाला,
बहुतेक त्याच्या मेव्हण्यालाही.

सकाळी टाकी टेम्पोत घालून बोहरी आळी.
ताहेरभाईंचं शटर नुकतंच वर गेलेलं.
म्हटलं, चांगलं काहीतरी द्या,
दोन नळ्यांचं, महागातलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कशाची आहे?"
प्लॅस्टिकची.
"बाई, मुलगा कुठला विचारलं
तर माणसांतला म्हणून सांगता."

मग कटरने कडेची एक ढलपी काढली,
पाण्याच्या पेल्यात टाकली. तरंगली.
चिमट्यात धरून काडी लावली:
निळसर ज्योत,
वीज गेलेल्या घराचा, मेणबत्तीचा वास.

मला हसू आलं. हे तर माझंच काम.
गिऱ्हाईक आत चहा टाकायला गेलं
की गालिच्याचा एक दोरा मीही जाळते.
लोकर केसांसारखी जळते.
आणि "काश्मीरहून आणलाय, आजोबांनी"
याचा पुष्कळदा काळा टणक मणी होतो.
मी बोलत नाही.
पाणी किती गरम, तेवढं ठरवते.

"पॉलिथीन," ताहेरभाई म्हणाले.
"ह्याला काही चिकटत नाही.
लावाल ते दोन दिवस पाहुण्यासारखं राहील,
कढत पाणी आलं की उठेल.
ह्याच्याच जातीची कांडी वितळवून भरायची.
तुमच्यात लग्नाला सगोत्र चालत नाही ना?
इथं सगोत्रच लागतं."

मग मी पिशवीतलं बाकीचं काढलं.
पाइपाच्या टोकाची वाटी जळताना नाकात झोंबली,
म्हणजे पीव्हीसी, तिला प्लंबरचा सॉल्व्हंट.
खुद्द पाइपाला कडक काही नको,
दिवसभर वाकतो बिचारा, त्याला वाकणारंच हवं.
झाकणाच्या काचेला सिलिकॉन,
पण व्हिनेगरच्या वासाचं नाही,
आतला पितळी जेट हिरवा पडेल.
शेवटी, दाराशी उभ्या सुदामकडे बघत,
त्यांनी एम-सीलची एक पुडी पिशवीत टाकली.
तिचे पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन जुने थर खरवडले.
कॅम्पातल्या बंद पडलेल्या हॉटेलातून आणलेलं मशीन.
माझ्याआधी कुणी कुणी काय काय फासलेलं:
पिवळा पडलेला रबरी डिंक,
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ,
आणि त्याखाली, करड्या लगद्यात,
एक अंगठा.
रेषा जशाच्या तशा. माझ्याहून लहान.
मॅनेजर यायच्या आत
कुणी दाबून धरला असेल, घाईने, श्वास रोखून.
नियमाने तो टिकायलाच नको होता.
तेवढा सोडून मी बाकी सगळं साफ केलं.

भवानी पेठेतल्या परवीनने
तड्यात कांडी भरली, मुंगीच्या चालीने,
तोंडाने एकदाही फुंकर न घालता.
"गार व्हायचं ते आपलं आपण होऊ दे."

रात्री टाकी काठोकाठ भरून ठेवली,
खाली कालचं वर्तमानपत्र.
सकाळी सगळं कोरडं,
फक्त "वधू पाहिजे"च्या रकान्यावर
रुपयाएवढा ओला गोल.
परवीनच्या शिवणीतून नव्हे.
अंगठ्याकडून.

सुदाम पुडी दातांनी फोडायला लागला.
म्हटलं, थांब.
नऊला औंधला पोचायचंय.
आज खाली फडकं घालू.