मागाचा खड्डा

माग भंगारवाला घेऊन गेला त्याला पाच वर्षं झाली.
खड्डा तेवढा राहिला घरात,
मांडीएवढा खोल, अप्पांच्या पायांच्या मापाचा.
'बुजवणार कवा ह्यो?'
केर काढताना वैजू दर वेळी विचारायची.
मी मच्छेहून मुरूम सांगितला.
दोन बुट्ट्या आल्याही.
दाराशीच राहिल्या, मांजराच्या कामी आल्या.

मग एका रविवारी, फाउंड्रीला सुट्टी,
रेणू खड्ड्यात उभी दिसली,
कोपरं फरशीवर टेकून, पुढ्यात कागद.
फरशी तिच्या पोटाला बरोब्बर लागत होती.
'टेबल हाय हे,' ती म्हणाली.
आमच्या घरात टेबल कधी नव्हतं.

सामान गोळा होऊ लागलं.
कुंद्याच्या डब्यात बटणं.
करदंटाच्या खोक्यात मेणाचे खडू,
तूप लागलेले, कागदावरून नुसतेच घसरणारे.
अप्पांनी तंबाखूच्या डबीसाठी कोरलेल्या कोनाड्यात
रंगीत सुताची गुंतवळ.
माळ्यावरचे जकार्डचे पुठ्ठे, भोकाभोकांचे,
कल्लूनं त्यांतून बोटानं रंग झिरपवला,
ठिपक्यांची ओळ आली.
कुठल्या पदराची नक्षी ती, मला ओळखता आली नाही.
गणपत गल्लीतून विकत आणलं ते दोनच:
बोथट टोकाची कात्री, पांढरा डिंक.

डब्यांना नावं घालायचा दिवस भांडणाचा.
रेणू कन्नड शाळेत, कल्लू मराठी
(तिच्या वेळी इथल्या शाळेला मास्तरच नव्हता).
तिनं लिहिलं बण्ण, ह्यानं रंग.
तिनं सूजी, ह्यानं सुई.
डिंकाच्या बाटलीवर दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकींवर,
वरची कुणाची ते रोज सकाळी बदलायचं,
शेवटी चिठ्ठ्या चिकटवण्यातच डिंक संपला.
रस्त्यावरच्या पाट्यांना काळं फासलेलं मी पाहिलंय,
एकदा ह्या अक्षरांना, एकदा त्या.
मी काही बोललो नाही.
कात्रीपाशी दोघं अडले.
'कत्तरी,' ती म्हणाली.
'कातरी,' हा.
पुन्हा म्हणाले. पुन्हा. मग हसत सुटले,
आणि चिठ्ठी लिहायचीच राहिली.
कात्री तशीच असते, बिननावाची.
सगळ्यात जास्त हरवते तीच.

दिवाळीआधी खड्ड्याचा कोपरा खरवडताना
कल्लूला धोटा सापडला.
टोकांना लोखंड, मधे पोकळ,
आत अर्धी कांडी, अंजिरी सूत.
मी हातात घेतला. वजन ओळखीचं होतं.
देव्हाऱ्याशेजारी खिळा कुठं मारावा बघत होतो,
तर हा खालून म्हणतो,
'बाबा, ह्याला चाकं बसतात.'
'खेळणं नव्हे ते.'
माझा आवाज भट्टीपुढचा निघाला.
रेणूनं कात्री खाली ठेवली.
आतून वैजू: 'अप्पा तरी कुठं पुजायचे त्याला?
पाठ खाजवायचे की त्यानं.'
खरं होतं.

चार सोड्याची बुचं, खराट्याच्या दोन काड्या.
बस झाली.
पुढं पाटी हवी म्हणून रेणूनं 'वडगाव' लिहिलं,
दोन्ही अक्षरांत, इतकं बारीक
की आधी कुठलं ते बघायला डोळा टेकवावा लागतो.
खड्ड्यावर आडवी फळी,
कल्लू ह्या काठाला, रेणू त्या.
बस जाते, येते. जाते, येते.
मागं अंजिरी सूत सुटत राहतं.
कुणी गुंडाळत नाही.

दुसऱ्या पाळीला निघायचं तर एक बूट सापडेना.
खड्ड्यात होता. त्यात ब्रश उभे,
ओले, केसांकडून वर.
एका पायात बूट, दुसरा अनवाणी,
तसाच दारापर्यंत गेलो.
मुरमाच्या बुट्टीवर मांजर बसलेलं, पिल्लांसकट.
परत आलो.
'ब्रशांना दुसरं कायतरी आणतो,' म्हणालो,
'आज तेवढा बूट द्या की.'