शीट क्रमांक चारशे बारा

हर्बेरियमच्या तिसऱ्या कपाटात
डांबरगोळ्यांच्या वासात
दवबिंदू निजलाय, साठेक वर्षं झाली.
पानं नखाएवढी. लाल असणार तेव्हा,
आता चहाचे डाग.
एका पानात अजून एक चिलट,
पचायचं राहून गेलेलं.

खाली निळ्या शाईत कुण्या टेंभुर्ण्यांचं अक्षर:
"बेसा रस्ता. मुरमाड उतार, पाझर. सप्टेंबरअखेर. विपुल."
विपुलखाली रेघ.

मी बेसा रस्त्यावरच राहते.
प्लॉट एकोणतीस, समोर टायरचं दुकान.

म्हणून पितृपक्षात एक रविवार
मी गोरेवाड्याच्या मागे जाते, चपला हातात घेऊन.
तळव्याला आधी गार, मग मऊ,
मग घोटा आत ओढून घेणारं काहीतरी.
तिथे गेंद असतो:
पांढरी बटणं, शर्ट कुठेच नाही.
आणि सीतेची आसवं, निळी,
एवढं हळवं नाव, अन् मातीखाली
शेकडो पिशव्या तोंड मिटून शिकारीला बसलेल्या.
पोट कुणाला सुटलंय?
जमीनच इतकी गरीब की
पानांनी शिकून घेतलं.

ढिवरांची पुष्पकला शिंगाड्याची टोपली टेकवते.
"हे खाते का बाई?"
नाही.
"मंग औषध?"
नाही.
"मंग काहून येता एवढ्या गाऱ्यात?"
आहे की गेलं, ते बघायला.
ती शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवते.
"म्हंजे भेटाले येता,
असं म्हना ना."

यंदा मागच्या भिंतीला ओल आली.
खोब्रागडे प्लंबरनं फरशी फोडली,
पाइपावर बोट फिरवलं, वास घेतला.
"पाइप कोरडा हाये ताई.
हे खालचं पानी हाये. जुनं."
मग सिगरेट पेटवून
सिमेंटचा हिशोब सांगत राहिला.

मी ऐकत नव्हते.
भिंत अन् कुंपण यांच्या मधल्या वीतभर मुरमात
जिथे मोलकरीण पोछ्याचं पाणी फेकते,
जिथे मी बावीस वर्षांत एकदाही वाकले नाही,
एक बटण.
पांढरं. तांदळाच्या कणीपेक्षा थोडं मोठं.

दवबिंदू नव्हे. तो नाहीच आला.
हा आला.

खोब्रागडेला म्हटलं, दिवाळीनंतर ये.
तोवर ते आपलंच वाळून जाईल,
बी खाली पडेल,
मग तुझं सिमेंट आणि त्याचं नशीब,
किंवा नकोच येऊस, बघू.
तो म्हणाला, "ओल वर चढन ताई."
चढू दे म्हटलं.

रात्री कोरा कागद काढला.
झाड उपटलं नाही. नुसती चिठ्ठी लिहिली:
"बेसा रस्ता. प्लॉट एकोणतीस, मागची भिंत. पाझर.
एक."

पेन तसंच हातात धरून बसले,
एकखाली रेघ मारावी का, विचार करत.