फाया

नाव हौसा, आणि हौसेनं
अंगाला कधी काही लावलं नाही.
खोबरेल, हळद, आणि वखारीतली धूळ.
चाळणीवर तंबाखू झाडून झाडून
हाताला जो वास बसलाय
तो साबणानं जात नाही, राखेनं जात नाही,
लिंबाची फोड चोळली तर नुसता आंबट होतो.

लेकीनं कधी बोलून दाखवलं नाही.
फक्त शाळेच्या गॅदरिंगला
आमच्या दोघींच्या मधली एक खुर्ची
तिनं रिकामी ठेवली होती,
दप्तर ठेवायला म्हणून.

निपाणीत स्टँडमागं, जिन्याखाली
दस्तगीर अत्ताराची पेटी.
बाटल्यांवर चिठ्ठ्या तीन लिप्यांत,
तिन्ही तेलानं पुसट.
चैत्रात पहिल्यांदा उभी राहिले.
म्हणाला, वाळा. उन्हाळ्याला हेच.
काचेची काडी मनगटाच्या आत टेकवली,
बोट लागू न देता.
"घासू नको. घासलं की मरतंय."
गार लागलं, माठाखालच्या वाळूसारखं.
घरी पोचेस्तोवर
भिजल्या पोत्याचा वास सुटला होता.

श्रावणात माती.
भाजून, वाफ धरून, तेलात उतरवलेली.
शेजारी चिकोडीकडची एक बाई,
तिनंही त्याच बाटलीतला थेंब घेतला.
तिच्या हातावर ताजी नांगरट,
माझ्या हातावर रिकामी उतरंड.
"एल्लारिगू ओंदे आगंगिल्ल," ती हसत म्हणाली.
अर्धं मला भाषेनं कळलं,
अर्धं तिचं मनगट हुंगून.

केवड्याचं नाव नको.
दोन शिंका, डोकं गच्च,
मुकादम म्हणाला, कुणाच्या लग्नाला गं?
रात्री आमटीत केवडा, तांब्यात केवडा,
उशीच्या अभ्र्यात केवडा.
सकाळी काहीच नाही.
आलाच नव्हता जणू.

मार्गशीर्षात त्यानं न विचारता हिना काढला.
काळपट, दाट, काडीवरून उतरायला तयार नाही.
"ह्याला लगेच हुंगायचं नाही. चहा पिऊन ये."
मी चहा प्यायले. एक फेरी बाजारात मारली,
लसूण घेतला, परत घासाघीस करून मिरची घेतली.
मग पदराआड मनगट नाकाशी नेलं
आणि थबकले.
वखार होती तिथं.
पण वखारीत कुणीतरी निखारे विझवून
वर गूळ ठेवल्यासारखं.

दस्तगीरनं लांबूनच मान पुढं केली.
डोळे मिटले.
"तंबाखू खालनं धरतीय त्याला," म्हणाला,
"लोक पैसे देऊन असं काही मिसळून घेतात, हौसाबाई."
मी म्हटलं, मग अर्धा माल माझाच झाला की.
भाव कमी कर.
तो इतका हसला की
बाटल्या एकमेकींवर किणकिणल्या.
वीस रुपये सोडले. वर कानात फाया फुकट.

आता बेळगावच्या गाडीत, खिडकीशी.
लेकीचं नर्सिंगचं तिसरं वर्ष,
आज तिथं कसलासा कार्यक्रम, आईबापांना बोलावलंय.
संकेश्वरला हिना तिखट होता,
पुढच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं.
हत्तरगीला मऊ झाला.
काकतीच्या चढाला
काय हिना आणि काय मी
मलाच वेगळं करता येईना.

स्टँडवर ती उभी, पांढऱ्या कपड्यांत.
काही बोलली नाही.
पिशवी घेतली, मग हात घेतला,
आणि गर्दीत ढकलाढकली झाली तरी
सोडला नाही.
तिच्या तळव्याला स्पिरिटचा वास,
पक्का, आतवर गेलेला,
साबणानं न जाणारा.

स्पिरिटवर हिना कसा बसतो,
आज रात्री तिच्या हातावर काय होऊन राहील,
परत गेले की
दस्तगीरला विचारायला पाहिजे.