कोट परत करताना

नाबरवहिनी, हा घ्या तुमचा कोट.
ड्रायक्लीन केलाय चारकोप नाक्यावर.
दुकानदार म्हणाला, मुंबईत कोण घालतं हे?
मी म्हटलं, कोणीच नाही,
म्हणून तर नव्यासारखा आहे.

खरं म्हणजे नव्यासारखा नाहीये.
वरून दुसरं बटण बघा. ते तुमचं नव्हे.
तुमचं लाइपझिगच्या ट्राममध्ये पडलं,
हे एका कोरियन मुलीनं लावलंय, हॉस्टेलमध्ये,
दातानं दोरा तोडून, अगदी माझ्या आईसारखं.
रंग जुळत नाही, पण निघणार नाही.

हो, सांगते, बसते जरा.
लाइपझिगला केतकीकडे सहा दिवस.
सोफा माझ्याहून वीतभर आखूड,
रात्रभर पाय परदेशाच्याही बाहेर.
तिच्या नवऱ्याला तीनच वाक्यं येतात मराठीत:
जेवलीस का, झोपलीस का, लवकर आवर.
बिचारा तीच फिरवून फिरवून वापरतो.
सकाळी दार उघडून, हसून, मला म्हणाला, लवकर आवर.
मी घाबरून आंघोळ न करताच तयार.
स्टेशनवर निरोप देताना
मिठी मारली आणि विचारलं, झोपलीस का?
तेव्हा मात्र मला रडू आलं, का कोण जाणे.

मग प्राग. हॉस्टेल.
एका खोलीत आठ जण,
त्यात गुडघे असलेली मी एकटीच.
आणि मला वरचा बंक!
रात्री दोनला त्या शिडीवरून उतरताना
मी अशा अशा देवांची नावं घेतली
की आमच्या कुलदैवतालाही वाटलं असेल,
ही कोण माणसं मधेच?

आता मुख्य गोष्ट.
कॉलरजवळ नाक न्या. आला वास?
हिंग.
दोनदा धुतला, जात नाही.
त्या मुलांना एकदा पिठलं खाऊ घालावं म्हटलं,
डाळीचं पीठ मी नेलंच होतं, मोज्यांच्या पिशवीत.
तेल तापलं, मोहरी तडतडली, हिंग पडला
आणि छतावरचं ते वाटोळं यंत्र असं किंचाळलं
की पाच मजले रिकामे झाले.
रस्त्यावर पन्नास-साठ माणसं पायजम्यात,
आणि मी गाऊनवर तुमचा कोट,
हातात उलथनं.
तेवढ्यात वरून काहीतरी पांढरं पडायला लागलं.
मला आधी वाटलं, राख.

सत्तेचाळीस वर्षांची मी, पहिल्यांदा बर्फ बघितला
तो असा, फोडणीच्या कृपेनं.
बंबवाल्यानं आत जाऊन गॅस बंद केला,
बाहेर येऊन हातवारे करून विचारलं, कसला वास?
मला हिंगाला शब्द सापडेना.
पिठलं शेवटी जिन्यात बसून खाल्लं सगळ्यांनी,
थोडं गुठळीचं झालं होतं. कोणाला काय कळतंय!

आणि आतल्या खिशातलं मी काही काढलं नाही हं.
देवस्थळीकाकूंची बडीशेपेची पुडी,
सुहृदच्या एमेसच्या वेळचं बसचं तिकीट,
एक कोणाची तरी यादी, 'लसूण, इस्त्री, फोन बाबांना'.
त्यात माझी एक चावी टाकलीय, लॉकरची,
चुकून आली, आता काय पाठवायची.

पाण्याच्या टाकीवरून आपल्या दोन विंग भांडतात,
पार्किंगवरून तर बोलायलाच नको,
पण कोणी थंडीच्या देशात निघालं
की सगळे तुमच्याच दारात.

देवस्थळीकाकू सांगत होत्या,
नाबरसाहेबांनी घेतला म्हणे, रॉटरडॅमला, बोटीवर असताना,
पत्रातून तुमची मापं मागवून.
पुढच्या सफरीला नेतो म्हणाले होते.
म्हणजे हा सगळ्या सोसायटीबरोबर जाऊन आला, आणि तुम्ही…

नाही, चहा नको. बरं, अर्धा.

वहिनी, आज सकाळी एकोणीस अंश होतं.
वॉचमननं कानटोपी घातलीय,
पेपरात शेकोटीचा फोटो आहे.
याहून जास्त थंडी इथे काही व्हायची नाही.
उभ्या राहा बघू. हात घाला.
हा असा. आता दुसरा.
पंखा मी पाचवर करते.

बटण जरा सांभाळून.